पप्पांसाठी कुठलं, भाचीसाठी कुठलं?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, घरच्यांना मराठी ऑडिओबुक कुठलं लावून देऊ? आमच्या भिवंडीच्या घरातलं सांगतो.

पप्पांनी तीसेक वर्षं पॉवरलूमवर काढली. त्या खडखडाटाने आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, म्हणजे बोलण्यातले स, श, फ. त्यामुळे आवाज येतो, पण शब्द कळत नाही. आपण नुसता व्हॉल्यूम वाढवतो आणि वर चिडतो. 'मृत्युंजय' लावताना मी स्पीड ०.८५ केला, इअरबडऐवजी कान झाकणारे हेडफोन दिले. त्या दिवशी त्यांनी "काय म्हणाला?" असं एकदाही विचारलं नाही. अशा कानांसाठी निवडताना आधी सॅम्पल ऐका. मागे सतत म्युझिक असेल तर ते पुस्तक बाद.

भाचीला 'श्यामची आई'. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक मुळात सांगायचंच आहे. श्याम रोज रात्री मित्रांना एक आठवण सांगतो, अशा ४२ रात्री. एका झोपेला एकच लावा. मी सलग तीन लावल्या, पोरगी रडत बारापर्यंत जागी!

आणि कल्याणच्या ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या आपल्यासाठी 'व्हायरस पुणे'. मूळ मालिका स्वीडिश लेखक डॅनियल ओबेर्गची, ऐकण्यासाठीच लिहिलेली.

पप्पा आता कर्णाच्या कवचकुंडलांपर्यंत पोचलेत. रात्री अकराला "बंद करा" म्हटलं, की मात्र त्यांना अजिबात ऐकू येत नाही.