शाळा बदलायची म्हणजे नेमके काय बदलायचे?

पारंपरिक शाळा बदलली पाहिजे की नाही, या प्रश्नावर महाराष्ट्रात जी चर्चा होते तिच्यात दोन्ही पक्षांची काही आवडती विधाने इतिहासाच्या आणि प्रत्यक्ष पाहणीच्या कसोटीला उतरत नाहीत. बदल हवा म्हणणारे आजच्या शाळेला मेकॉलेचे अपत्य ठरवून तिच्याआधी सारे आलबेल होते असे मानतात, तर बदल नको म्हणणारे परीक्षेचा धाक गेल्यामुळेच मुले कच्ची राहिली असे सांगतात. मुलांची विभागणी वयानुसार इयत्तांत होते, एका शिक्षकासमोर सगळा वर्ग बसतो, ठरलेला अभ्यासक्रम ठरलेल्या महिन्यांत सर्वांसाठी एकाच गतीने पुढे सरकतो आणि वर्षाच्या परीक्षेवर पुढची इयत्ता अवलंबून असते, अशी शाळा येथे ‘पारंपरिक’ या शब्दाने अभिप्रेत आहे.

ही शाळा मेकॉलेने कारकून घडवण्यासाठी आणली, हा समज सर्वांत रुळलेला आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ, भारतभर फिरूनही आपल्याला एकही भिकारी दिसला नाही, अशा आशयाचे एक भाषण उद्धृत केले जाते आणि मेकॉलेने ते २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत केले असे सांगितले जाते. त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हताच. तो गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सभासद म्हणून कलकत्त्यात होता, आणि ज्या टिपणामुळे तो ओळखला जातो ते त्याच तारखेचे असले तरी त्यात या भाषणातील मजकूर नाही. त्या टिपणात भारतीय विद्येविषयी तुच्छता आहे, आणि राज्यकर्ते व प्रजा यांच्यात दुभाष्याचे काम करील असा एक वर्ग तयार करण्याचा हेतूही उघडपणे मांडला आहे, हे मात्र खरे आहे. वरच्या थरातील थोड्यांना शिकवले की ज्ञान आपोआप खाली उतरेल, हा ‘झिरप सिद्धांत’ त्या काळच्या सरकारी धोरणामागे होता.

तथापि, मुंबई इलाख्यातील शाळेचा इतिहास बंगालपेक्षा वेगळा आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात गव्हर्नर असताना येथे देशी भाषांतील शाळा आणि पुस्तके यांवर भर दिला गेला व कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणली. पुढे १८४० च्या दशकात शिक्षण मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांनी इंग्रजीचा आग्रह धरला, तेव्हा जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी मातृभाषेच्या बाजूने त्यांच्याशी उघड वाद घातला. मेकॉलेने सारे एका फटक्यात ठरवले असते, तर त्याच्या टिपणानंतर दहा-बारा वर्षांनी मुंबईत हा वाद झालाच नसता. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खालच्या इयत्तांसाठी देशी भाषा आणि वरच्या शिक्षणासाठी इंग्रजी अशी विभागणी मान्य केली, आणि महाराष्ट्रातील शाळांची घडी पुढील शतकभर बव्हंशी त्याच रेषेवर बसली.

शिकवण्याच्या पद्धतीचा उगमही एकतर्फी नाही. मद्रासमधील अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख अँड्र्यू बेल याने तेथील देशी शाळांत मुले वाळूवर अक्षरे गिरवताना पाहिली, तीच रीत आपल्या शाळेत आणली, मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेण्याची व्यवस्था बसवली आणि १७९७ मध्ये त्याविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. ही ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडमधील गरिबांच्या शाळांत पसरली आणि जोसेफ लँकास्टरच्या तशाच पद्धतीसह एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या शाळांत परत आली. कोणती गोष्ट स्वदेशी आणि कोणती परकी, याची वाटणी करू पाहणाऱ्याला हा प्रवास अडचणीचा ठरतो.

इंग्रजांपूर्वी गावोगावी उत्तम आणि सर्वांना खुले शिक्षण होते, हा याच समजाचा दुसरा भाग होय. पंतोजीच्या शाळा पुष्कळ होत्या, याबद्दल शंका नाही; मद्रास इलाख्यात १८२२ नंतर झालेल्या सरकारी पाहणीच्या आधारे इतिहास-अभ्यासक धरमपाल यांनी दाखवून दिले की तेथील देशी शाळांत ब्राह्मणेतर मुलांची संख्या लक्षणीय होती, आणि ही माहिती जुन्या समजुतींना छेद देणारी आहे. परंतु त्याच नोंदींत मुली अगदी थोड्या दिसतात. मराठी मुलखातील पंतोजीची शाळा धूळपाटी, मोडी वळण, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी अशा अपूर्णांकांच्या पाढ्यांवर उभी होती. हिशेबनीस घडवण्यासाठी ती उत्तम होती, छापील पुस्तक तिच्यात नव्हते आणि छडीला मर्यादा नव्हती. कारकून घडवण्याचा आरोप मेकॉलेवर करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेतलेली बरी. जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देऊन प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करण्याची मागणी केली. शेतकऱ्यांच्या कष्टांतून येणारा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आक्षेप झिरप सिद्धांताच्या मुळावरच घाव घालणारा होता.

शाळा दीडशे वर्षांत बदललेलीच नाही, हे विधान तर सहज खोडता येते. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ मध्ये तो बडोदा संस्थानभर लागू केला, आणि १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. पुढे कोठारी आयोगानंतर अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली, १९६७ मध्ये पाठ्यपुस्तके काढणारी ‘बालभारती’ स्थापन झाली, २००० मध्ये राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले आणि शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी केली. भाषा, पुस्तके, वर्षांची गणती आणि शाळेत येणारी मुले हे सारे बदलले. एकाच वयाच्या सर्व मुलांनी एकाच दिवशी एकाच धड्यावर असले पाहिजे, ही कल्पना मात्र जागची हलली नाही.

या कल्पनेचा परिणाम ‘ढकलपास’च्या वादात स्पष्ट दिसतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच इयत्तेत मागे ठेवता येत नव्हते. यावरून परीक्षाच रद्द झाल्या असा समज पसरला. कायद्याने परीक्षा रद्द केली नव्हती, नापास करणे थांबवले होते, आणि कलम २९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची, म्हणजे वर्षभर तोंडी काम, कृती, निरीक्षण आणि लहान चाचण्यांतून मुलाची प्रगती पाहत राहण्याची तरतूद केली होती. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हे मूल्यमापन तक्ते आणि नोंदवह्या भरण्यापुरते उरले, ही तक्रार रास्त आहे.

पण मुले कच्ची राहण्याचे मूळ या कलमात शोधणे चुकीचे ठरते. ‘असर’ ही ग्रामीण भारतातील पाहणी ‘प्रथम’ या संस्थेने २००५ मध्ये सुरू केली; तिच्यात स्वयंसेवक घरी जाऊन एकेका मुलाला समोर बसवतात आणि त्याच्याकडून छोटे उतारे वाचून घेतात. २०१० मध्ये, म्हणजे नव्या कायद्याचा परिणाम दिसण्याइतका वेळ गेलेला नसताना, पाचवीतील १०० पैकी सुमारे ५४ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०१२ मध्ये हे प्रमाण ४७ च्या आसपास उतरले, त्यामुळे कायद्याच्या टीकाकारांचे म्हणणे पूर्णपणे फेटाळता येत नाही. मात्र २०१० मधली उरलेली सेहेचाळीस मुले हा कायदा येण्याआधीच्या व्यवस्थेतूनच पाचवीपर्यंत आली होती, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते. २०२४ च्या पाहणीत तिसरीतील २७ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. ज्याला अक्षरे जुळवता येत नाहीत त्याच्यासमोर तिसरीचे पुस्तक ठेवले, तर त्याला वरच्या वर्गात घातले काय आणि त्याच वर्गात पुन्हा बसवले काय, धडा त्याच्या डोक्यावरूनच जातो.

यावर काय करता येते, याचा एक पुरावा मुंबईतच मिळाला. ‘प्रथम’ने मुंबई आणि वडोदरा येथील महानगरपालिकांच्या शाळांत ‘बालसखी’ हा उपक्रम चालवला. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एखादी शिकलेली तरुणी रोज सुमारे दोन तास बाजूला घेऊन, इयत्ता न पाहता त्यांना जेथपर्यंत येते तेथून पुढे शिकवत असे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या गटाने केलेल्या चाचणीत या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली आणि सर्वाधिक लाभ सर्वांत मागे असलेल्यांना झाला. उपक्रम थांबल्यावर तो लाभ बराच ओसरला, हेही त्याच अभ्यासात नोंदले आहे. इयत्ता न पाहता शिकवण्याच्या या रीतीलाच पुढे ‘पातळीनुसार अध्यापन’ असे नाव मिळाले.

तंत्रज्ञान आले की शाळा आपोआप बदलते, हा भ्रमही याच अभ्यासाच्या आधारे तपासता येतो. वडोदऱ्यात त्याच काळात चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले गेले. प्रश्नांची काठिण्यपातळी मुलाच्या उत्तरांप्रमाणे बदलत असे, आणि गणितात चांगली वाढ झाली. पेरू देशात मात्र ग्रामीण शाळांतील मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटूनही पहिल्या मोठ्या मूल्यमापनात भाषा किंवा गणितात सुधारणा आढळली नाही. फळ्याच्या जागी पडदा आला आणि त्यावर सर्वांसाठी तोच धडा चालू राहिला, तर शाळा बदलली असे म्हणता येत नाही.

बालकेंद्री शिक्षण हे सुखवस्तू शहरी पालकांचे चोचले आहेत, या समजाला महाराष्ट्रात तरी आधार नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९५७ पासून ते काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये चालले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात भरवायची, अशी त्यांची अंगणवाडी आणि कुरणशाळा होती. विटांची शाळा आणि घंटेचे वेळापत्रक या दोन्ही गोष्टी दुय्यम मानण्याचे धाडस तेथे सर्वांत गरीब मुलांसाठी झाले होते.

फिनलंडने विषय आणि परीक्षा रद्द केल्या, हे वाक्यही सभांतून वारंवार कानी पडते. तेथे २०१६ पासून वर्षातून किमान एक प्रकल्प अनेक विषय एकत्र आणून करावा लागतो. विषय कायम आहेत आणि उच्च माध्यमिक शिक्षणाच्या शेवटी राष्ट्रीय परीक्षाही आहे. शिवाय २००६ नंतर आंतरराष्ट्रीय चाचण्यांत त्या देशाचे गुण घटत गेले आहेत.

राहता राहिला प्रश्न व्यवस्थेच्या पचनशक्तीचा. बिहार आणि उत्तराखंडात नियमित शिक्षकांना पातळीनुसार अध्यापनाचे प्रशिक्षण व साहित्य दिले गेले, पण वर्ग नेहमीच्याच इयत्तांत चालले आणि निकालात फरक पडला नाही. हरियाणात वेळापत्रकातच एक तास राखून मुलांचे गट इयत्तेऐवजी पातळीनुसार पाडले, तेव्हा भाषेत सुधारणा झाली. शिक्षक तेथेही नियमितच होते, बदलला तो तास. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली, महाराष्ट्राने २०२३ मध्ये तसे नियम केले आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राचेही नियम आले. केंद्राच्या नियमांनुसार अनुत्तीर्ण मुलाला दोन महिन्यांत पुनर्परीक्षेची संधी मिळते, आणि तरीही मागे ठेवलेल्या मुलाच्या त्रुटी ओळखून त्याला विशेष मदत करण्याची जबाबदारी वर्गशिक्षकावर येते. मात्र साठ मुलांच्या वर्गात, किंवा दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळायच्या वाडीवरच्या शाळेत, ही मदत वेळापत्रकाच्या कोणत्या तासात बसवायची, हे त्या नियमांत लिहिलेले नाही.