स्कुबाचे सामान घरी बनवायचे, पण कुठवर?

सुरतेत राहून स्कुबा डायव्हिंगचा छंद बाळगणे हा जरा विनोदच आहे. तापी गढूळ, डुमसचा किनारा चिखलाचा, त्यात खंभातच्या आखाताची जबरदस्त भरती-ओहोटी. त्यामुळे माझे डायव्हिंग वर्षातून एकदा, पावसाळा सोडून, मालवण-तारकर्लीला. उरलेले वर्ष जाते कोसाडच्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये. दिवसभर कोड लिहिणाऱ्याला संध्याकाळी हॅकसॉ आणि कानस हातात आली की बरे वाटते.

मंडळातल्या मुलांना या शेडचे भारी कुतूहल. अकरावीतल्या एकाने विचारले, "दादा, रंगकामाच्या कॉम्प्रेसरला लांब नळी लावून गावच्या विहिरीत उतरलो तर?" प्रश्न हुशारीचा आहे, म्हणूनच भीती वाटली. हे लिहितोय ते त्यासाठी.

आधी बनवण्यासारख्या गोष्टी. पाण्याखाली लिहायची पाटी सर्वांत सोपी: पांढऱ्या ॲक्रिलिकचा तुकडा बारीक पॉलिश पेपरने घासा, साधी पेन्सिल पाण्यातही चालते. कमरेच्या वजनासाठी शिशाचे छर्रे जाड कॅनव्हासच्या पिशव्यांत शिवून घ्यायचे. पट्टे आणि शिलाईची सुरतेत काय कमी! घरी शिसे वितळवणारेही आहेत, पण तो धूर विषारी, मी त्या वाटेला जात नाही. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, म्हणून ऐंशी किलोच्या माणसाला तलावापेक्षा समुद्रात साधारण दोन किलो वजन जास्त लागते.

माझा आवडता प्रकल्प म्हणजे टॉर्च. ॲक्रिलिकची नळी, दोन झाकणे, प्रत्येकाला दोन ओ-रिंग. तो समुद्रात नेण्याआधी घरीच तपासता येतो. शेतात वापरतात तो सहा किलोचा पीव्हीसी पाइप घ्यायचा, एका टोकाला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवायचा, आत सेल न घातलेला टॉर्च ठेवून पाइप पाण्याने काठोकाठ भरायचा आणि सायकलच्या पंपाने तीन बार दाब द्यायचा. म्हणजे तीस मीटर खोली झाली. पाइपात हवा राहू द्यायची नाही. दाबलेली हवा पाइप फुटला तर तुकडे उडवते, पाणी तसे करत नाही. रात्रभर ठेवून सकाळी टॉर्चमध्ये थेंब आहे का ते बघायचे.

या सगळ्या वस्तूंत एक साम्य आहे. त्या बिघडल्या तरी तुम्ही सावकाश वर येऊ शकता. श्वासाच्या यंत्राचे तसे नाही.

लांब नळीने वरची हवा ओढू, असे सगळ्यांनाच आधी सुचते. पण एक मीटर खोलीवरच छातीच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर शंभर ग्रॅमचा जादा भार येतो आणि श्वासाचे स्नायू लवकरच हरतात. म्हणून हवा पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने मिळायला हवी. ही किमया 1943 मध्ये फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि इंजिनियर एमिल गान्यां यांनी साधली. गंमत म्हणजे गान्यांचा मूळ व्हॉल्व्ह युद्धातल्या पेट्रोलटंचाईत मोटारी गॅसवर चालवण्यासाठी होता! आजचा रेग्युलेटर सिलिंडरचा सुमारे 200 बारचा दाब आधी भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण दहा बार जास्त इतका खाली आणतो, मग तोंडाजवळचा पडदा तुम्ही ओढाल तेवढीच हवा सोडतो.

आता कॉम्प्रेसर आणि विहीर. रंगकामाच्या कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर तेलाचे कण येतात. जवळ इंजिन चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइडही. तोही धोका बाजूला ठेवू. दहा मीटरवर वीज गेली, नळीतली हवा थांबली, तर मुलगा काय करेल? श्वास रोखून वर धावेल. विहिरीत सूर मारणारी पोरे तेच तर करतात, आणि त्यांना फुप्फुसाची इजा होत नाही, कारण त्यांच्या छातीतली हवा वरून भरलेली असते. पण दहा मीटरवर दाब दुप्पट. तिथे घेतलेली पाच लिटर हवा वर येईपर्यंत दहा लिटर व्हायला बघते. फुप्फुस फाटते. भरल्या छातीने श्वास रोखला तर दीड मीटरवरूनही हे होऊ शकते. म्हणून सिलिंडर घेऊन उतरणाऱ्याला पहिला धडा हाच देतात: श्वास कधीही रोखायचा नाही. पोहता येणाऱ्याची सवय नेमकी याच्या उलट असते.

रेग्युलेटर, सिलिंडर आणि हवा मी शेडमध्ये आणत नाही. तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे, तिथे रीतसर शिकता येते. भाड्याचे सामान घेताना सिलिंडरच्या गळ्यावरची हायड्रो टेस्टची तारीख वाचा. पाण्यात जाण्याआधी व्हॉल्व्ह थोडा उघडून हवा हुंगा. तेलाचा वास आला तर सिलिंडर परत करा. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास नसतो, तेव्हा भरणाऱ्या कॉम्प्रेसरची हवा ओढायची नळी धुराड्यापासून लांब आहे ना, तेही चार पावले चालून बघून या.