धुराड्याची ओढ

लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी आता मॉल आहे, पण गिरणीची चिमणी तिथे अजून उभी आहे. तिच्याखाली फोटो काढणाऱ्या बहुतेकांना ती गिरणगावाची खूण वाटते. खूण ती आहेच, पण मुळात ते एक यंत्र होतं. धूर वर सोडणं हे त्याचं निम्मंच काम. उरलेलं निम्मं, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं, बॉयलरच्या भट्टीत हवा ओढण्याचं. एकही भाग न हलता, वंगण न मागता, दिवसरात्र.

ही ओढ येते वजनातल्या फरकातून. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे १.१६ किलो भरते. कोळसा जळून निघालेला वायू २५० अंशांवर असेल तर तेवढ्याच जागेत तो जेमतेम ०.६७ किलो असतो. हिशेब सोपा आहे: ३५३ ला केल्विनमधल्या तापमानाने भागायचं. आता चिमणी ६० मीटरची धरू. तराजूच्या एका पारड्यात ६० मीटर उंचीचा बाहेरच्या हवेचा स्तंभ, दुसऱ्यात तेवढाच गरम वायूचा. दर घनमीटरमागे फरक ०.४९ किलो, म्हणजे ६० मीटरला चौरस मीटरमागे साधारण २९ किलो. चौरस मीटरवर एक किलो म्हणजे पाण्याचा एक मिलिमीटर दाब, म्हणून ओढ २९ मिलिमीटर. बॉयलरघरात हे डोळ्यांनी दिसतं. वाकवलेली काचेची नळी, तिच्यात रंगीत पाणी, एक तोंड उघडं आणि दुसरं धुराच्या वाटेत. दोन्ही बाजूंच्या पाण्यात जेमतेम तीन सेंटिमीटरचा फरक, आणि त्या तीन सेंटिमीटरवर गिरणीची सगळी वाफ अवलंबून.

बाहेरची हवा बदलली की ओढही बदलते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये नागपुरात सुरू झाली. तिथल्या हवेत ६० मीटरची चिमणी उभी आहे असं समजून आकडे घालून पाहा. जानेवारीच्या पहाटे, १५ अंशांना, ओढ ३३ मिलिमीटर. मे महिन्याच्या दुपारी, ४५ अंशांना, २६. चिमणी तीच, कोळसाही तोच, तरी पाचवा हिस्सा ओढ गेली. बॉयलरपुढे घामाने निथळणाऱ्या फायरमनला उन्हाळ्यात विस्तवाशी जास्त झुंजावं लागे, त्यामागे हेही एक कारण होतं.

आणि हे २९ मिलिमीटर सगळे हाती लागत नाहीत. जाळीवरच्या कोळशाच्या थरातून हवा वर यायला काही खर्च होतात. लँकेशायर बॉयलरच्या भोवतालची वळणं, पाणी आधी तापवणाऱ्या इकॉनॉमायझरच्या नळ्या, धुराची वाट कमी-जास्त उघडणारा डँपर, खुद्द चिमणीच्या आतली भिंत, प्रत्येक जण आपला वाटा घेतो. वर चढताना वायू निवतो, म्हणून हिशेबात पायथ्याचं नव्हे तर सरासरी तापमान धरावं लागतं. विटांमध्ये भेग पडली की बाहेरची थंड हवा आत शिरते आणि काचेच्या नळीतलं पाणी लगेच खाली उतरतं.

उंचीनंतर रुंदी. ताशी टनभर कोळसा जाळला आणि किलोमागे वीस किलो वायू धरला, तर सेकंदाला साडेपाच किलो, म्हणजे २५० अंशांना सुमारे ८.२ घनमीटर. वेग सेकंदाला ६ मीटर ठेवायचा तर चिमणीचा आतला व्यास १.३ मीटर लागतो. अरुंद केली तर घर्षण ओढ खाऊन टाकतं. फार रुंद केली तर वायू रेंगाळतो, निवतो, आणि माथ्यावरून थंड हवा आत उतरू लागते.

या शास्त्रातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. वायू जितका गरम तितकी ओढ जास्त, मग तो तापवतच का नेऊ नये? कारण तापला की तो विरळ होतो. वेग वाढतो, पण दर सेकंदाला जाणारं वजन एका मर्यादेनंतर घटू लागतं. केल्विनमध्ये मोजलेलं वायूचं तापमान बाहेरच्या हवेच्या दुप्पट झालं की चिमणी सर्वाधिक वजन वाहते. आपल्याकडच्या ३० अंशांना ही मर्यादा ३३३ अंशांच्या आसपास येते. त्यापुढे जाळलेला कोळसा निव्वळ वाया.

वाया जाण्याचा हा मुद्दाच शेवटी चिमणीच्या मुळावर आला. वायू १५० अंशांपर्यंत निववून त्याची उष्णता बॉयलरच्या पाण्याला देता आली असती. ओढीसाठी तो २५० ला सोडला, तर त्या जादा उष्णतेतला अर्धा टक्कासुद्धा ओढीच्या कामी येत नाही. पंखा हेच काम फार स्वस्तात करतो. म्हणून मोठ्या बॉयलरना धूर ओढणारे पंखे, म्हणजे आयडी फॅन, बसले आणि चिमणीकडे उरलं धूर दूर नेण्याचं काम.

तो प्रश्नही जुनाच. मुंबईत धुराच्या उपद्रवाचा कायदा १९१२ मध्येच आला होता. आता बॉयलरच्या चिमणीची उंची गंधकाच्या वायूवरून ठरते. ताशी किती किलो सल्फर डायऑक्साइड निघतो त्याचा ०.३ घात घ्यायचा आणि त्याला १४ ने गुणायचं. ताशी १०० किलोला सुमारे ५६ मीटर. वायू दसपट झाला तरी उंची दुप्पटच होते. हे सूत्र वस्तीच्या बाजूने पुरेसं कडक आहे असं मला वाटत नाही, कारण उंचीमुळे विष पातळ होतं, कमी होत नाही.

डहाणूत हे उघड दिसतं. ५०० मेगावॅटच्या त्या वीजकेंद्राची चिमणी २७५ मीटरची, आणि भोवती चिकूच्या वाड्या. तिथल्या लोकांनी नुसत्या उंचीवर समाधान मानलं नाही. बरीच वर्षं झगडल्यावर गंधकाचा वायू समुद्राच्या पाण्याने धुण्याची यंत्रणा तिथे आली.

पण धुतलेला वायू निवतो, आणि आपला पहिला हिशेब पुन्हा करावा लागतो. २७५ मीटरच्या चिमणीत वायू १३० अंशांवर असेल तर ओढ सुमारे ८० मिलिमीटर मिळते. तोच ५० अंशांवर आला तर २०, म्हणजे ६० मीटरच्या गिरणीच्या चिमणीपेक्षाही कमी. शिवाय ओला, आम्लाचा अंश असलेला वायू भिंतीवर साकळतो आणि काँक्रीट खातो. म्हणून वायू धुणारं केंद्र उभारताना जादा ताकदीचा पंखा, चिमणीला आतून आम्लाला दाद न देणारं अस्तर आणि बऱ्याच ठिकाणी वायू पुन्हा तापवण्याची सोय, हा सगळा खर्च आधीच धरावा लागतो.