पाठपुराव्याची चाळीस वर्षं

7 नोव्हेंबर 1982 रोजी नाशिक, नाशिक रोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि आसपासची गावं एकत्र करून नाशिक महानगरपालिका झाली. नाशिक रोडच्या बायकांसाठी त्या दिवशी एक गोष्ट बदलली आणि तिची फारशी नोंद कुठे झाली नाही: गाऱ्हाणं मांडायचं ठिकाण लांब गेलं. तोवर नगरपालिका हाकेच्या अंतरावर होती. आता कारभार नाशकातून चालणार होता, आणि तोही लोकांनी निवडून दिलेल्या माणसांविना. महापालिकेची पहिली निवडणूक व्हायला 1992 उजाडलं. मधली दहा वर्षं प्रशासकाची. गल्लीतला दिवा गेला तर कुठल्या नगरसेवकाच्या दारात उभं राहायचं, हा प्रश्नच नव्हता, कारण नगरसेवकच नव्हता.

महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळीची सगळ्यात धगधगती वर्षं नेमकी हीच. देसाईगंजच्या पोलीस चौकीत 1972 साली एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं, पुढच्या वर्षी चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि 1980 पासून बायका रस्त्यावर आल्या. 1982 मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला आणि मध्यमवर्गीय घरांच्या बंद दारांमागे काय चालतं ते लोक उघड बोलू लागले. 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला, त्याच वर्षी सासरच्या छळाविरुद्धचं 498-अ कलम आलं. त्याच वर्षी ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ हे नाटक रंगमंचावर आलं आणि गावोगावच्या चौकांत पोचलं. नाशकात महिला हक्क संरक्षण समितीसारख्या संस्थेने सासरी छळ सोसणाऱ्या बायकांचं ऐकून घ्यायला सुरुवात केली. मोर्च्याचे फोटो निघतात, सल्ला केंद्राचे निघत नाहीत. पण रात्री घराबाहेर काढलेल्या बाईला सकाळी कुणीतरी खुर्ची देऊन ‘बस, सांग’ म्हणतं, या कामाला मी मोर्च्याइतकंच मोठं मानते.

या सगळ्याच्या आधीचं एक नाव मात्र नाशिक रोडने विसरू नये. शांताबाई दाणी. 1919 साली नाशिकच्या खडकाळीत दलित कुटुंबात जन्मलेली ही बाई बाबासाहेबांच्या चळवळीत वाढली, सत्याग्रहांत तुरुंगात गेली, दादासाहेब गायकवाडांच्या बरोबरीने भूमिहीनांच्या लढ्यात उतरली आणि 1968 ते 1974 विधान परिषदेत बसली. हे सगळं चरित्रात वाचायला मिळतं. मला अधिक महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी उभं केलेलं शाळा-वसतिगृहांचं काम. नाशिक रोडचं तक्षशिला विद्यालय त्यांचंच. मुलींना शिकवा, असं भाषणात सांगणारे पुष्कळ होते. मुलीने रात्री झोपायचं कुठे, जेवायचं काय, शाळेपर्यंत जायचं कोणाबरोबर, याची सोय शांताबाईंनी केली. सुरक्षितता हा शब्द तेव्हा कुणाच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. वसतिगृहाच्या रूपात ती होती.

1992 मध्ये महापालिकेत नगरसेवक आले तेव्हा राज्यातल्या पालिकांत बायकांसाठी 30 टक्के जागा राखीव होत्या. पुढे 74व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांशाची हमी दिली, 1994 मध्ये महाराष्ट्राने देशातलं पहिलं महिला धोरण जाहीर केलं आणि 2011 मध्ये राज्याने हा वाटा निम्म्यावर नेला. 2012 च्या निवडणुकीत नाशिक महापालिकेच्या 122 पैकी 61 जागा बायकांच्या झाल्या. महापौरपदी वेगवेगळ्या काळात डॉ. शोभा बच्छाव, नयना घोलप, रंजना भानसी बसल्या. विधानसभेचं चित्र तर आणखी बोलकं आहे: 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये शहराशी जोडलेल्या चार मतदारसंघांपैकी तीन बायकांनी जिंकले. नाशिक मध्यमधून देवयानी फरांदे, नाशिक पश्चिममधून सीमा हिरे, देवळालीतून सरोज अहिरे.

संख्या आली. संख्येला हिणवणाऱ्यांशी माझं जमत नाही. ‘नवराच कारभार बघतो’ हे वाक्य पुरुषांच्या नालायकीबद्दल आहे, बाईच्या नव्हे. पण आलेल्या संख्येने शहराच्या रचनेला हात घातला का, हे विचारायलाच हवं. महिला व बालकल्याण समिती झाली, अंदाजपत्रकाचा 5 टक्के वाटा बायका-मुलांसाठी ठेवायचा दंडक आला. राज्यभरच्या पालिकांत हा पैसा शिवणयंत्रं, ब्युटी पार्लरचे वर्ग आणि मेळावे यांत जिरला, नाहीतर मार्चअखेर पडून राहिला. शिवणयंत्र वाईट नाही. ते बाईला घरात बसवून कमवायला लावतं. घराबाहेर पडलेल्या बाईचं काय, ते त्याच्या कक्षेत येत नाही.

आणि नाशिक रोड हे घराबाहेर पडणाऱ्यांचंच गाव आहे. 1925 पासूनचं सिक्युरिटी प्रेस, मग करन्सी नोट प्रेस, रेल्वे स्टेशन, मध्यवर्ती कारागृह, विभागीय आयुक्तांचं कार्यालय, महाविद्यालयं, बिटको रुग्णालय. पहाटे शिंदे-पळसे-चेहेडीकडून भाजीच्या पाट्या येतात, सकाळी पंचवटी एक्सप्रेस मुंबईला जाणाऱ्यांना घेऊन जाते आणि रात्री साडेनवाच्या सुमारास परत आणून सोडते. स्टेशनातून बाहेर पडल्यावर पुढचा प्रवास बहुतेकींचा शेअर रिक्षातून. नाशिकच्या बाईला शेअर रिक्षात बसायची रीत सांगावी लागत नाही: मागे तिघांत शक्यतो कडेला, पर्स मांडीवर नाही तर शेजाऱ्याच्या आणि आपल्या मध्ये उभी, एक कोपर बाहेर काढलेलं. चौथी सवारी चालकाशेजारी, आणि मागे जागा नाही म्हणून ती वेळ आपल्यावर आली तर रिक्षा सोडून द्यायची. रात्री त्याचा अर्थ दुसरी येईपर्यंत अर्धवट उजेडात उभं राहायचं. हे शहाणपण आईकडून मुलीकडे जातं. ते कुणाला शिकावं लागू नये, एवढीच खरं तर सगळी मागणी आहे.

कायद्याने या प्रश्नाला बराच काळ सोपं उत्तर दिलं होतं: बाईने रात्री कामावर असूच नये. 1948 च्या कारखाना कायद्यात संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात बायकांना कारखान्यात कामाला मनाई होती. महाराष्ट्राने 2015 मध्ये कायदा बदलून, सुरक्षेच्या आणि वाहनाच्या अटी घालून, रात्रपाळी खुली केली. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांना जाणाऱ्या नाशिक रोडच्या मुलींसाठी हा मोठा बदल. कंपनीची गाडी कोपऱ्यापर्यंत सोडते. कोपऱ्यापासून दारापर्यंतचा रस्ता मात्र महापालिकेचा.

16 डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराने सगळ्यांनाच हादरवलं. इथेही मेणबत्त्या निघाल्या. 2013 मध्ये फौजदारी कायदे कडक झाले, कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. विश्वास नांगरे पाटील पोलीस आयुक्त असताना 2019 मध्ये नाशिक पोलिसांची निर्भया पथकं फिरू लागली. कॉलेजच्या फाटकाशी पथकाची गाडी दिसली की घोळके पांगतात, हे खरंच आहे, आणि मुलींना त्याचा आधार वाटतो. तरी गाडी निघून गेल्यावरचा रस्ता कसा आहे, यावर माझा भर राहील. दिल्लीच्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी 2013 मधल्या आपल्या अहवालात फाशीची मागणी करणाऱ्यांना नकार दिला आणि पोलीस, वाहतूक, रस्त्यावरचा उजेड अशा रोजच्या व्यवस्थेकडे बोट दाखवलं. आपल्याकडे त्या अहवालातली शिक्षेची पानं वाचली गेली. दिव्याची पानं राहिली.

या चाळीस वर्षांत नाशिक रोडच्या कामाची ठरेल अशी एक गोष्ट पुण्यातून झाली. विद्या बाळ यांनी 1989 मध्ये सुरू केलेल्या ‘मिळून साऱ्याजणी’ने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली: रस्त्यावर, बाजारात बायकांना स्वच्छतागृह नाही. 23 डिसेंबर 2015 रोजी न्यायालयाने ते बायकांच्या सन्मानाने जगण्याच्या हक्काशी जोडलं आणि राज्यातल्या महापालिकांना आदेश दिले. समिती नेमा, त्यात स्त्री-संस्थांच्या प्रतिनिधी घ्या, कुठे किती स्वच्छतागृहं हवीत त्याचा आराखडा करा. म्हणजे नाशिक महापालिकेलाही हा आदेश लागू आहे, आजही. मुंबईत ‘राइट टू पी’वाल्या कार्यकर्त्यांनी 2011 पासून हाच विषय लावून धरला होता आणि सुरुवातीला लोक हसले होते.

हसण्यासारखं त्यात काय आहे? देवी चौकापासून बिटकोपर्यंत भाजीवाली, फुलवाली, बांगडीवाली सकाळपासून बसते. ती पाणी पीत नाही. उन्हाळ्यात बाटली शेजारी ठेवून ओठ ओले करते फक्त. पाळीच्या दिवसांत शक्यतो येतच नाही, म्हणजे त्या दिवसांचा धंदा बुडाला. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गासाठी दवाखान्यात जाते तेव्हा डॉक्टर सांगतात, पाणी भरपूर प्या. समानता, सुरक्षा, आरोग्य, रोजगार असे चार विभाग सरकार करतं. या बाईच्या अंगात ते चारही एकाच जागी दुखतात. म्हणून स्वच्छतागृहाची मागणी मला मोर्च्याच्या सर्वांत वरच्या फलकावर हवी आहे.

2016 च्या एप्रिलमध्ये त्र्यंबकेश्वरच्या गाभाऱ्यात बायकांनी पाऊल टाकलं तेव्हा देशभरचे कॅमेरे नाशिक जिल्ह्यात आले. त्या वेळच्या मंदिरप्रवेशाच्या याचिकेतही विद्या बाळच होत्या. कॅमेरे स्वच्छतागृहाच्या आदेशाकडे वळले नाहीत.

नाशिक रोडला लागून असलेल्या देवळालीने आणखी एक क्षण दिला. 19 डिसेंबर 2022. नागपूर अधिवेशनाला आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला कुशीत घेऊन विधानभवनात आल्या. फोटो सगळीकडे झळकला, दुसऱ्या दिवशी हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजायची खोली, उभा राहिला, कौतुक झालं. मला पुढचा प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. काही महिन्यांनी मुंबईच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात त्या पुन्हा बाळाला घेऊन गेल्या, तर कक्षात धूळ, सोयी नाहीत. त्या गप्प बसल्या नाहीत, सगळ्यांसमोर बोलल्या. राज्याच्या विधिमंडळातही खोली एकदा मिळवून भागत नाही. तिथे आमदाराला दुसऱ्यांदा भांडावं लागलं, तर स्टेशनवरच्या, बाजारातल्या, रुग्णालयातल्या खोलीसाठी आपल्याला किती वेळा भांडावं लागेल, याचा अंदाज करावा आणि तयारीने राहावं.

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि 1982 सारखाच प्रशासक पुन्हा आला. जवळपास चार वर्षं 61 बायका सभागृहात नव्हत्या, प्रभाग समितीत नव्हत्या. या काळात बायकांचे अर्ज थांबले नाहीत. फक्त त्यावर सभागृहात उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं. जानेवारी 2026 मध्ये अखेर मतदान झालं आणि नव्या नगरसेविका आल्या.

त्या आल्या त्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तोंडावर. 2027 मधल्या पर्वण्यांना येणारे लाखो भाविक रेल्वेने उतरणार ते मुख्यतः नाशिक रोडला, आणि त्यांत बायका पुरुषांइतक्याच असतील. मागच्या, 2015 च्या सिंहस्थात परी आखाड्याच्या त्रिकाल भवंता यांनी बायकांच्या आखाड्याला वेगळी जागा मागितली होती आणि त्यांना साधं बोलूही धड दिलं गेलं नाही. साधूंमध्ये ही गत, तर यात्रेकरू बाईचं कोण ऐकणार? सिंहस्थासाठी फिरती शौचालयं येतात, तात्पुरते खांब लागतात, कपडे बदलायला ताडपत्रीच्या खोल्या होतात, आणि पर्वण्या संपल्या की सगळं उचललं जातं. स्टेशन, बिटको चौक, जेल रोड आणि उपनगरच्या नाक्यावर यातलं काय कायमचं राहणार, हे आराखड्यात आत्ताच लिहून घ्यायला हवं. 2015 चा न्यायालयीन आदेश अर्जाला जोडावा, स्थळांची यादी बाजारातल्या बायकांना बरोबर घेऊन करावी आणि विभागीय कार्यालयातून पोचपावती घ्यावी. कंत्राटं निघाल्यानंतर दिलेला अर्ज पुढच्या सिंहस्थासाठी ठेवला जातो, आणि तो बारा वर्षांनी येतो.