पेशीशास्त्र शिकून काय होते?



दर अंकात आम्ही लागण, बेणे, खतांचे हप्ते यावर लिहितो. या वेळचा विषय जरा निराळा आहे. बारावीचे निकाल लागले की झरी जामणीकडचे सभासद आम्हाला गाठून विचारतात, "साहेब, पोरीचा डॉक्टरकीला नंबर लागला नाही. आता बी.एस्सी.ला जीवशास्त्र घेऊन काय होते?" काही घरांत तर उत्तराची वाटही पाहत नाहीत, सरळ स्थळं पाहायला लागतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहोत.

पुण्याच्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे, यांचा जन्म १९१७ चा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि जावईही डॉक्टर मिळावा, ही त्यांची इच्छा. मुलीने मात्र वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले, आणि पुढे १९४३ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एम.एस्सी. केले. शेतकी शिकलेल्या आमच्यासारख्यांना याचा थोडा अभिमान वाटला तर रागावू नका! त्यांचा विषय होता सीताफळाच्या कुळातील पेशींची गुणसूत्रे. सीताफळाच्या पेशीत ती १४ असतात, माणसाच्या पेशीत ४६, आणि आपल्या उसाच्या पेशीत शंभरावर. उसाची नवी जात काढणे एवढे किचकट का, त्याचे एक कारण हेच.

सीताफळावर शिकलेली ही बाई पुढे कर्करोगाकडे वळली. मुंबईत टाटा रुग्णालयात डॉ. खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. घेतली. नंतर अमेरिकेत डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे जिवंत पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात वाढवण्याची विद्या शिकल्या. परत येऊन मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांवर प्रयोग करून स्तनाचा कर्करोग व आनुवंशिकता यांचा संबंध तपासला. १९८२ साली पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातील आदिवासी बायामुलांच्या आहार-आरोग्यासाठी त्या झटल्या. २००१ मध्ये त्या वारल्या.

पेशी माणसाची असो की उसाची, भांड्यात वाढवण्याचे तत्त्व एकच. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची ऊतिसंवर्धित रोपे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे लगेच पटेल. शेंड्याच्या अगदी टोकाचा इवलासा कोंब घेऊन तो निर्जंतुक बाटलीत वाढवतात. टोकाच्या त्या पेशींपर्यंत रोग सहसा पोचलेला नसतो, म्हणून गवताळ वाढीसारख्या रोगापासून मुक्त असे बेणे तयार करता येते.

रचनाशास्त्राचेही तसेच. कांडीची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर बाहेर कडक साल, आत विखुरलेले धागे आणि त्यांच्या मधे रसाने भरलेल्या पेशी दिसतात. साखर साठते ती या पेशींत. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की रसातली विकरे याच साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करून टाकतात, आणि उतारा घसरतो. 'ताजा ऊस आणा' म्हणून आम्ही मागे लागतो ते उगाच नव्हे.

शिकण्यासाठी पुणे-मुंबईच गाठावी लागते असेही नाही. १९८३ मध्ये स्थापन झालेले अमरावती विद्यापीठ आपल्याच भागाचे आहे. डॉक्टरकीला नंबर लागलाच, तर यवतमाळचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. तिथेही पहिल्या वर्षी शरीररचना आणि पेशी हेच शिकावे लागते.

पदवी घेतली की नोकरी दारात उभी राहते, असे आम्ही सांगणार नाही. पाट्या रंगवा, आकृत्या काढा, तासन् तास डोळा लावून बसा, असे चिकाटीचे काम आहे ते. पण डोळ्याला धक्का न लावता टिपरी तोडणाऱ्या घरातल्या पोरीला हात स्थिर ठेवायला काय शिकवायचे?

मुलामुलींना घेऊन गट कार्यालयात या. येताना एक ताजी कांडी आणि धारदार पाते आणा. चकती कशी कापायची ते आम्ही दाखवू.