चिन्ह एक, अर्थ अनेक

'लागणे' हे आपले साधे क्रियापद घ्या. भूक लागते, ठेच लागते, झाडाला फणस लागतात आणि सुटीत मुलांना आजोळची ओढ लागते. शब्द एकच, अर्थ मात्र शेजारचे नाम ठरविते. इंदूर-बडोद्याच्या मराठी घरात वाढलेल्या मुलास हे मुद्दाम शिकवावे लागत नाही. (पाहा, याही वाक्यात तो शब्द आलाच!)

गणिताकरिता वापरल्या जाणाऱ्या संगणकीय भाषांत चिन्हांचीही अशीच गोष्ट आहे. तीस 'ऑपरेटर ओव्हरलोडिंग' म्हणतात. आम्ही चिन्हाची अनेकार्थता म्हणू. 'पायथन' भाषेत दोन संख्यांमध्ये अधिकचे चिन्ह घातले की बेरीज होते. तेच अंक अवतरणचिन्हांत लिहिले, तर यंत्र त्यांना अक्षरे समजून शेजारी शेजारी मांडते आणि एक अधिक एक अकरा होतात! अपूर्णांक असो वा मॅट्रिक्स, कागदावर लिहावे तसेच समीकरण यंत्रास सांगता येते, ही या अनेकार्थतेची मोठी सोय होय. तरीही १९९५ साली आलेल्या 'जावा' भाषेच्या कर्त्यांनी चिन्हांना नवे अर्थ देण्याची मुभा प्रोग्रामरास दिली नाही. आम्हांस ती सावधगिरी अगदीच अनाठायी वाटत नाही.

कारण खरी मेख संख्येच्या जातीत आहे. एकास दोनाने भागा. १९५७ साली आलेल्या 'फोरट्रान'मध्ये उत्तर येते शून्य! दोन्ही पूर्णांक, म्हणून उत्तरही पूर्णांकच. उरलेला अर्धा टाकून दिला जातो. आमच्या शाळेत कोणी असे उत्तर लिहिले असते, तर त्यास बाकावर उभे राहावे लागले असते. पायथनही पूर्वी हेच करी; २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती ०.५ सांगते. 'सेज' नावाची गणिती प्रणाली मात्र एक छेद दोन हा अपूर्णांक जसाच्या तसा जपून ठेवते. प्रश्न एक, उत्तरे तीन. आणि आपापल्या नियमाने तिन्ही बरोबर.

दशांशांचे दुखणे याहून सूक्ष्म आहे. एक तृतीयांश दशांशात लिहू गेल्यास तीनांची रांग संपत नाही. तसाच एक दशांश द्विमान पद्धतीत कधीच पुरा होत नाही. यंत्रास तो कुठेतरी तोडावा लागतो. म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज पायथनमध्ये ०.३०००००००००००००००४ अशी दिसते.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे कोणी विचारील. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातील धहरान येथे अमेरिकेची 'पेट्रियट' क्षेपणास्त्रे रक्षणास उभी होती. त्यांचे यंत्र काळ मोजी तो सेकंदाच्या दशांशांत, पूर्णांक म्हणून. आणि सेकंद काढण्यासाठी त्यास गुणी चोवीस द्विमान अंकांवर तोडलेल्या एक दशांशाने. यंत्र सुमारे शंभर तास अखंड चालू राहिले आणि चूक साचत साचत सेकंदाच्या एक तृतीयांशावर गेली. तेवढ्या वेळात इराकचे 'स्कड' अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापी. २५ फेब्रुवारीस ते आले; यंत्राने आकाशात भलतीकडे पाहिले; २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले.

सुधारलेली आज्ञावली धहरानला पोचली ती २६ फेब्रुवारीस.