एका यांत्रिक कृमीचें विच्छेदन

ता. २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्रीं अमेरिकेंतील अनेक विद्यापीठांचे संगणक एकाएकीं मंदावूं लागले. बंद करून पुन्हां चालू केले, तरी घटकाभरांत तीच गत. कॉर्नेल विद्यापीठांतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेला एक प्रोग्रॅम इंटरनेटवरून यंत्रामागून यंत्र काबीज करीत होता. त्या वेळीं या जाळ्यांत सुमारें ६०,००० यंत्रें होतीं. पैकीं ६,००० बाधित झालीं असें सांगतात, पण तो अंदाजच होय.

सर्वांस धास्ती एकच : हा कृमि वर्षानुवर्षांचें संशोधन पुसून तर टाकणार नाहीं ना? त्याचें अंतरंग वाचल्यावांचून याचें उत्तर मिळण्यासारखें नव्हतें. परंतु हातीं आली होती ती यंत्रभाषेंतील नुसती आंकड्यांची रास. मनुष्यानें लिहिलेली मूळ संहिता नव्हे. शिवाय आंतील शब्दही एका ठराविक संख्येच्या योगानें झांकून ठेवलेले. बर्कले व मॅसॅच्यूसेट्स येथील मंडळींनीं रात्रीचा दिवस करून, त्या आंकड्यांवरून मागें मागें जात मूळ लिखाण पुन्हां रचलें. जुना मोडी कागद लावणाऱ्यास या कामाची थोडीबहुत कल्पना येईल.

तेव्हां उमगलें तें असें. ‘फिंगर’ नांवाची सेवा येणाऱ्या प्रश्नासाठीं ५१२ अक्षरांची जागा राखी, पण मजकूर मोजून घेत नसे. कृमीनें ५३६ अक्षरें पाठविलीं. जास्तीचीं अक्षरें शेजारच्या जागेंत सांडलीं. आणि हें काम संपल्यावर यंत्रानें परत कोठें जावें, तो पत्ता नेमका तेथें लिहिलेला असे. जुना पत्ता जाऊन नवा उमटला, व विशिष्ट जातीचीं यंत्रें निमूटपणें कृमीच्याच आज्ञा पाळूं लागलीं. चोरापेक्षां राखणदाराचीच येथें चूक अधिक, असें म्हणावें लागतें. दुसरी वाट टपाल नेणाऱ्या प्रोग्रॅमांत तपासणीसाठीं ठेवलेल्या व उघड्याच राहिलेल्या दाराची. तिसरी, ४३२ शब्दांची यादी घेऊन लोकांचे परवलीचे शब्द ओळखण्याची.

मंदगतीचें कारणही वाचनांतच सांपडलें. आपला भाऊबंद आधींच आंत दिसल्यास दोहोंपैकीं एकानें संपावें, अशी योजना होती. पण सातांतून एकदां ती न जुमानतां टिकून राहण्याचीही आज्ञा होती. त्यामुळें एकेका यंत्रांत कृमींची दाटी झाली. कागदपत्रें पुसण्याची आज्ञा मात्र कोठेंच आढळली नाहीं. आणि ती नाहीं, हें अखेरच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय कोणासही खात्रीनें सांगतां आलें नसतें.

मॉरिसला १९९० सालीं तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तास समाजसेवा व १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. पुन्हां रचलेली ती संहिता मात्र संशोधकांनीं सरसकट वाटली नाहीं. कारण सगळ्याच यंत्रांचीं भोकें अजून बुजलीं नव्हतीं.